कोपऱ्यातले जास्तीचे दिवस

आमच्या असोद्याच्या घरात पाळीचे चार दिवस मागच्या खोलीत, कोपऱ्यात बसावं लागायचं. वेगळी चटई, वेगळं ताट. लिहायला संकोच वाटतो, पण तो कोपरा मला हवासा वाटायचा. तिथे गुडघे पोटाशी घेऊन पडलं तरी कुणी काही विचारत नसे.

माझं दुखणं चार दिवसांत संपत नव्हतं. पाळीनंतरही ओटीपोटात खोलवर कळा यायच्या, संडासला जाताना तर जीव नकोसा व्हायचा. पण पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली की पाणी भरायचं, केळीच्या बागेत डबा पोचवायचा. म्हणून मी खोटं बोलू लागले. अजून चालूच आहे असं सांगून आठ दिवस कोपऱ्यात राहायचे.

पुढे धुळ्याला, देवपुरातल्या कॉलेजात गेले. घरातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच. होस्टेलवर कोपरा नव्हता. मुली तासाला गेल्या की खोलीत मी आणि गरम पाण्याची पिशवी. सगळ्यांनाच दुखतं, मग माझंच काय एवढं, असं वाटायचं.

दिवाळीच्या सुटीत आईने जळगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला आईच उत्तर देत होती. पोरीला आठ दिवस जातं, म्हणाली. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या मिळाल्या. दुखणं तसंच. महिन्याने पुन्हा गेलो. बाई गोळ्या वाढवायला लागल्या, तेव्हा मी टेबलाकडे बघत म्हणाले, "चारच दिवस जातं. बाकीचे दिवस नुसतं दुखतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग कितीतरी प्रश्न, तपासणी, एमआरआय. नंतर त्यांनी चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, मागच्या बाजूला, आतड्यापर्यंत खोल रुजल्या होत्या. तिथे सारखी सूज येऊन वण धरतो, तो घट्ट होत जातो, अवयव एकमेकांना चिकटतात, नसाही त्यात ओढल्या जातात.

परतताना रिक्षात आई बाहेर रस्त्याकडे बघत बसली. खोटं बोलले म्हणून रागावली असेल, असं मला वाटलं. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "मंग इतले दिस तू उगीच येकटी बसली व पोरी?"



उपचार सुरू झाले, पण कळा लगेच गेल्या नाहीत. पुढच्या सुटीत दुखलं तेव्हा मी आईला पाळीचं निमित्त न करता नुसतं दुखतंय असंच सांगितलं. तिने मधल्या खोलीत, सगळ्यांसमोर खाट टाकली. येणारे-जाणारे बघत होते, काय झालं म्हणून विचारत होते. मी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले.