साडूंची विश्रांती

विश्रांती घेण्यासाठी आमच्या साडूंनी जेवढे कष्ट घेतले, तेवढे या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी घेतले असतील असे मला वाटत नाही. लोक दमले की आडवे होतात. साडू दमले की कामाला लागत. ते मूळचे लोणावळ्याजवळच्या भाजे गावचे, घरची भातशेती, आणि नोकरी तळेगावकडच्या एका कारखान्यात, जिथे दिवसभर मोटारींचे बोल्ट पाडले जातात. तीन पाळ्यांचे तीन निरनिराळे ‘शीण काढायचे टाइमटेबल’ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून कपाटाला चिकटवले होते. त्यात ‘पायाला तेल’, ‘गवती चहाला पाणी’, ‘बासरी’ अशा नोंदी असत आणि ‘४ ते ४.१५ – मोकळं बसणे’ अशीही एक असे. एकदा मी चार वाजून गेल्यावर पोचलो. ओट्यावर साडू ताठ बसले होते, नजर मनगटावरच्या घड्याळावर. मी काही बोलणार तोच आतून मेव्हणी म्हणाली, “थांबा भाऊजी, आत्ता बोलू नका. अजून सात मिनिटं मोकळं बसायचं राहिलंय त्यांचं.”

बासरी त्यांनी आठ महिने वाजवली. म्हणजे फुंकली. मुलीच्या दप्तरातले खडू घेऊन चित्रे रंगवण्याचाही एक काळ होऊन गेला. त्या काळातला त्यांचा एक जांभळा बैल अजून आमच्या घरी आहे. मग कुणीतरी त्यांना सांगितले की पहाटे मोकळ्या हवेत पोट धरून हसावे, छाती हलकी होते. साडू दुसऱ्याच दिवशी पाचला उठून खाचराच्या बांधावर उभे राहिले आणि एकटेच खदाखदा हसू लागले. तिसऱ्या पहाटे गावातले एक आबा लिंबू आणि अंगारा घेऊन मेव्हणीकडे आले. “पोरी, घाबरू नगं,” ते म्हणाले, “आमच्या चुलत्यालाबी असंच झालतं. उतरतंय.” साडूंनी लिंबू ठेवून घेतले, त्याचे सरबत केले, आबांनाच पाजले आणि त्यांनाही बांधावर हसायला नेले. पुढे महिनाभर दोघे हसत होते. आबांची छाती हलकी झाली की नाही कोण जाणे, पण लिंबू उतरवून घ्यायला त्यांच्याकडे येणारी माणसे मात्र कमी झाली.

त्यांच्या कारखान्यानेही एकदा कामगारांचा ताण घालवायचा घाट घातला. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टवर शिबिर ठेवले आणि शहरातून एक तज्ज्ञ बोलावले. सगळी मंडळी थंडगार हॉलमध्ये, जाड पडदे ओढलेले. तज्ज्ञ हळुवार आवाजात म्हणाले, “डोळे मिटा. कल्पना करा, समोर एक हिरवागार डोंगर आहे...” साडूंनी हात वर केला. “सायेब, पडदा सारू का? डोंगर भायेरच हाय.” शिबिरात हशा पिकला, साडूंना त्यात विनोद काय ते कळेना. संध्याकाळी हिरवळीवर टेबले मांडली गेली, बर्फाच्या बादल्या आल्या, आणि ताण घालवायला आलेले सगळे अधिकारी तिकडे वळले. साडू दुपारचा श्वासाचा पाठ पुरा करून बाहेर आले, तो तज्ज्ञांच्याच हातात ग्लास. साडूंनी अतिशय नम्रपणे विचारले, “सायेब, ह्यो कितवा धडा?”

हे मी हसत हसत सांगतो आहे, पण त्या शिबिराच्या दिवसांत मला हसायचा अधिकार नव्हता. मी लोणावळ्यातल्याच एका हॉटेलात काउंटरला असतो. शनिवारी माणसे थकवा घालवायला येतात आणि रविवारी आलेल्यापेक्षा दुप्पट थकून, डोळ्यांना काळे चष्मे लावून परत जातात. जाताना चार्जर विसरतात, चपला विसरतात आणि अर्ध्या-पाऊण बाटल्या विसरतात. चार्जर कपाटात ठेवायचा नियम होता; बाटल्यांचा नियम मी केला. वाया कशाला घालवायच्या, इतकाच सुरुवातीचा विचार. आधी फक्त रविवारी संध्याकाळी. मग सोमवारी, कारण रविवारचे उरलेले असे. मग गुरुवारपर्यंत पुरवायला लागलो. बायकोला काउंटरवर उभे राहून पाय दुखतात असे सांगून मी लवकर झोपू लागलो. स्कूटरच्या डिकीत पाण्याची एक निळी बाटली असे. तिच्यात पाणी नसे.

एका रविवारी साडू काही कामाला लोणावळ्यात आले आणि माझी स्कूटर घेऊन बाजारात गेले. तासाभराने परतले. किल्ली काउंटरवर ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि निघून गेले. मी डिकी उघडून पाहिली. निळी बाटली जागेवर होती. झाकण मात्र मी लावतो तसे नव्हते, तिरपे बसले होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला ते हॉटेलच्या दारात उभे. “चला, पाव्हणं.”

“कुठं?”

“शीण काढाया.”

त्यांनी मला मागे बसवून भाज्याला नेले आणि गावामागून लोहगडाकडे जाणारी चढण चढायला लावली. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. पुढे ते, मागे धापा टाकत मी. वाटेत ते करवंदीच्या जाळीवर, गुडघ्याच्या वाटीवर, बोल्टच्या आट्यांवर अखंड बोलत. बाटलीबद्दल मात्र चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी मी एका दगडावर बसलो आणि ओरडलो, “मला नाही यायचं! तुमचं बरं आहे. तुमचं पिणं सुटलं, आता तुम्हाला जगाला पहाड चढवायचे आहेत!”

साडूही बसले.

“सुटलं आसं कोन म्हनलं तुमाला?” ते म्हणाले. “आजबी कामावरनं येताना मी नाक्यावरच्या गुत्त्याची वाट धरत न्हाई. लांबनं येतो. एका राती मी असाच ओट्यावर पडलतो, पायात बूट. जाग आली तर पोरगी बूट काढत व्हती. तवा सात वर्साची. नाडी कशी सोडायची, टाच कुटनं धरायची, आवाज न करता बूट कुटं ठेवायचा, समदं तिला येत व्हतं. किती येळा काढलं आसंल तिनं, सांगा. साडेपाच ते साडेसात, येवडंच वंगाळ असतंय, पाव्हणं. तेवडा येळ हाताला कायतरी पायजे. बासरी म्हना, खडू म्हना. मला काय वाजवता येतंय थोडीच?”

मी उठलो. त्या दिवशी आम्ही चढणीच्या माथ्यावरच्या खिंडीपर्यंत गेलो.

गोष्ट तिथे संपली असती तर बरे दिसले असते. दीड महिन्याने हॉटेलातल्या एका मोठ्या लग्नानंतर मी पुन्हा घसरलो आणि लाजेने दोन दिवस त्यांचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ते घरीच आले. रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. “काल जमलं न्हाई, आज जमंल,” एवढेच म्हणाले आणि माझे बूट शोधू लागले. बायकोला त्याच दिवशी मी सगळे सांगितले. तिला ते केव्हाचेच माहीत होते. हॉटेलमालकाला सांगून खोल्यांतल्या बाटल्यांचे काम मी दुसऱ्याकडे दिले. आता त्याला चार वर्षे होत आली.

साडू यंदा निवृत्त झाले. मुलगी नाशिकला असते. तिला बाळ झाले म्हणून साडू आणि मेव्हणी दोघे तिकडे गेले, आणि ‘महिनाभर’ म्हणून गेलेली माणसे अजून परतलेली नाहीत. ते नसल्यापासून चढण फार उभी वाटते. परवा अर्ध्या वाटेवर फोन वाजला.

“कुटं हाय?”

“चढतोय.”

“दम लागलाय?”

“लागलाय.”

“मंग बोलू नगा. चढा. मी हाय फोनवर.”

मी फोन कानाला धरून चालू लागलो. तिकडे कुकरची शिट्टी झाली, बाळ रडले, कुणीतरी त्यांना हाक मारली; त्यांनी ओ दिली नाही. वर पोचेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.