खांबेटे गाडी उघडतात

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत कोणी पाहुण्याने विचारलं, की खाली कसली ठोकठोक चालली आहे, तर उत्तर ठरलेलं असे. "काही नाही, खांबेटे गाडी उघडतायत."

श्रीनिवास खांबेटे पाटबंधारे खात्यात कारकून होते, आता निवृत्त. कोथरूडला आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. मी तळमजल्यावर, आणि माझी खिडकी थेट पार्किंगमध्ये उघडते, त्यामुळे बावीस वर्षं त्यांची दुरुस्ती मी जवळून पाहिली. शंभर सीसीची काळी मोटारसायकल. ती नवी असताना कुणा गॅरेजवाल्याने चार दिवस ठेवून घेतली आणि परत दिली तेव्हा तिला आरसा दुसऱ्याच गाडीचा. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, गाडीला परका हात लावू द्यायचा नाही.

त्यांचा स्वतःचा हातही फारसा कामाचा नव्हता. ब्रेक घट्ट करायला बसले की चाकच जाम व्हायचं. स्क्रू असे पिळायचे की त्याचं डोकं गुळगुळीत होऊन तो जन्माचा तिथेच बसायचा. एकदा उडालेली स्प्रिंग पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाईंच्या कुंडीत सापडली. मंडईतून भाजी घेऊन येताना गाडी टिळक रोडवर हटकून बंद पडे. मग नीरजावहिनी पिशव्या घेऊन शांतपणे बसने घरी येत. "हे येतायत मागून, ढकलत," असं सांगत. तासाभराने खांबेटे फाटकातून आत शिरत, घामाघूम, शर्टाला ग्रीस. "गाडी बनवणाऱ्यांना वाटतं माणसाच्या हाताला सहा बोटं असतात," असं करवादत.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. फळ्यावर मी एकदा लिहिलं होतं, 'पार्किंगमध्ये ऑईल सांडू नये. सांडल्यास त्यावरून प्रथम स्वतः घसरावे.' दुसऱ्या दिवशी त्याखाली त्यांच्या कारकुनी अक्षरात शेरा होता, 'घसरलो. अनुपालन झाले.'

असा माणूस. म्हणूनच आम्हाला कोणाला काही कळलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी कार्बोरेटर उघडला. तो त्यांनी पूर्वी पन्नास वेळा उघडला असेल. या वेळी तीन तास झाले तरी वर्तमानपत्रावर मांडलेले सुटे भाग तसेच. मी खिडकीतून म्हटलं, "काय खांबेटे, प्रदर्शन भरवलंय का?"

हातातला पितळी तुकडा माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "सेक्रेटरी, याला काय म्हणतात हो?"

"मला विचारताय?" मी हसलो. तेही हसले, पण जरा उशिरा.

पुढच्या रविवारी पुन्हा कार्बोरेटर. त्याच्या पुढच्याही. नीरजावहिनी वरून हाक मारून सांगत, "अहो, जेवायला या, नाहीतर ताटही उघडून ठेवीन मी!" सगळी इमारत हसायची. मीही.

मग एका मंगळवारी दुपारी मी पोस्टातून परत आलो तर पार्किंगमध्ये गाडी म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. टाकी एकीकडे, सीट एकीकडे, पुढचं चाक भिंतीला टेकवलेलं. मध्ये खांबेटे खाली फरशीवर बसले होते. चिडलेले नव्हते, त्याचंच मला नवल वाटलं.

"कार्बोरेटर साफ करायचा होता," ते म्हणाले.

"बरं मग?"

"कार्बोरेटरसाठी चाक काढावं लागत नाही, सेक्रेटरी. एवढं मला कळतं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "मग मी ते का काढलं?"

मी वर जाऊन वहिनींना घेऊन आलो.

गाडी जोडायला आम्ही रतनला बोलावलं. रतन यवतमाळचा. डहाणूकर कॉलनीत त्याचं गॅरेज आहे, सुटे भाग खांबेटे त्याच्याकडूनच नेत. त्याने सगळा पसारा पाहिला, मग वहिनींना बाजूला घेतलं.

"काकू, आधी काका चुकत, तं कुठं चुकले ते दिसे. हे तसं नाही. आन या महिन्यात त्यांनी माझ्याकडून क्लचची केबल चार वेळा नेली. मले वाटलं, तोडून रायले असतील. त्यांना डॉक्टरले दाखवा."

चारही केबली घरात कपाटात सापडल्या, पाकिटं न फोडलेली.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. दीड-दोन वर्षं तरी सुरू असावा, म्हणाले. परत येताना रिक्षात वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दीड वर्ष मी हसत होते हो."

गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मी म्हटलं, "विकून टाका."

"मग रविवारी ते काय करतील?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी रतनला सांगून वेगळीच व्यवस्था केली. बाजूच्या झाकणाआड एक लहानशी काळी डबी असते, तिच्यामुळे प्लगला ठिणगी मिळते. रतनने ती काढून घेतली. गाडी दिसायला धडधाकट, पण सुरू होणं शक्य नाही. आम्हा सगळ्यांना वहिनींनी सांगून ठेवलं, यांना काही बोलू नका. आणि खांबेटे दररोज सकाळी खाली येऊन ती गाडी दुरुस्त करू लागले. प्लग पुसायचे, किक मारायचे, पुन्हा प्लग पुसायचे. किकचा आवाज माझ्या खिडकीत यायचा. मी रेडिओ मोठा करायचो.

जूनमधल्या एका सकाळी किकचा आवाज थांबला आणि खिडकीवर टकटक झाली. खांबेट्यांचे डोळे चमकत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"बाहेर या. सापडलं."

मी गेलो. प्लग काढून त्यांनी इंजिनला टेकवून ठेवला होता. "ठिणगीच येत नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नाही. म्हटलं, वायर धरून मागे मागे जाऊ." बाजूचं झाकण उघडं होतं, आणि आत वायरींचं टोक मोकळं लोंबत होतं. "इथे एक डबी असते. काळी. कोणीतरी काढून नेली आहे."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं निदान अगदी अचूक होतं.

"हो ना, सेक्रेटरी?"

आणि मी म्हणालो, "कोण कशाला नेईल? तिथे काही नसतंच. तुमचा काहीतरी गोंधळ होतोय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्या मोकळ्या टोकाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज कसं ओसरत गेलं, ते मी सगळं पाहिलं.

"असेल," ते म्हणाले. "हल्ली होतो माझा गोंधळ."

त्यांनी पाने, स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत भरले. झाकण लावायचं राहिलं, ते मी लावलं. दुसऱ्या दिवशी ते खाली आले नाहीत. नंतरही नाहीत.

आठवड्याने मी वहिनींना खरं काय ते सांगितलं. त्या गॅससमोर उभ्या होत्या, वळल्या नाहीत. "मीच सांगितलं होतं ना, काही बोलू नका म्हणून. तुमचा दोष नाही," म्हणाल्या. मग गॅस बंद करून, "पण त्या दिवशी त्यांना हो म्हणायला हवं होतं. चिडले असते माझ्यावर. चिडू द्यायचं."

मी आतल्या खोलीत गेलो. खांबेटे खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. नखांतलं काळं पहिल्यांदाच पूर्ण गेलेलं दिसलं.

"खांबेटे, ती डबी होती. आम्हीच काढली होती. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, ऑफिसात आलेल्या माणसाचं ऐकतात तसं.

"आपण एवढ्या लांबून हे सांगायला आलात," ते म्हणाले. "चहा तरी घेऊन जा."

मी बसलो. वहिनींनी चहा आणला. आम्ही तिघांनी तो घेतला.