आत्याचं परत आलेलं पित्ताशय

आता काय सांगू तुम्हाला, माणसाचा काढून टाकलेला अवयव जागेवर परत बसवण्याचा पराक्रम मी बिबवेवाडीतल्या माझ्या खोलीत चहा पिता पिता केलाय! हसा, हसा. मला त्या दिवसापासून फारसं हसू येत नाही.

मी रेडिओलॉजिस्ट. सीटी स्कॅन तिकडे सेंटरवर होतो, चित्रं माझ्या कॉम्प्युटरवर येतात आणि मी घरबसल्या रिपोर्ट लिहितो. पेशंटचा चेहरा नाही, आवाज नाही. पडदे ओढून दिवसभर परक्यांची पोटं बघायची, यापेक्षा उदास काम असेल तर सांगा! मग आम्ही काय करतो? 'सगळं नॉर्मल' असा मजकूर तयारच ठेवतो आणि बिघडलं असेल तेवढंच बदलतो. त्या सकाळी धायरीहून एक पोट आलं. यकृतावर थोडी चरबी. तेवढं बदललं, सही ठोकली आणि पुढचं पोट उघडलं.

संध्याकाळी आत्याचा फोन. ही माझी धायरीची आत्या. मेडिकलची सगळी वर्षं मी तिच्याच घरी काढली. आवाज अगदी खोल गेलेला.

"खरं सांग. माझ्या ऑपरेशनला तू बाहेर बसला होतास ना?"

"हो. पित्ताशय काढलं तुझं. त्याचं काय आता?"

"पोट दुखत होतं म्हणून आज सीटी स्कॅन केला. रिपोर्टात लिहिलंय, पित्ताशय नॉर्मल! म्हणजे तेव्हा आत काहीतरी भयंकर दिसलं आणि तसंच शिवलंत मला. आतोबांचा आजारही असाच शेवटपर्यंत लपवलात माझ्यापासून."

मी धडपडत सकाळची चित्रं उघडली. पित्ताशयाची जागा रिकामी. काळजीचं कुठेही काही नाही. आणि वर कोपऱ्यात ठळक अक्षरांत आत्याचं नाव!

"पाटल्या सुनेला देऊन टाकल्यात मी," ती सांगत होती. "वन्संना कळवलं. निघाल्यात त्या सोलापूरहून."

"अगं, तुला काही झालेलं नाही! रिपोर्ट चुकलाय!"

"चुकलाय? कुठल्या गाढवाने लिहिला? शिकला कुठे हा?"

खोटं बोलावंसं फार वाटलं हो! पण आतोबांच्या वेळचं आमचं खोटं तिला अजून सलत होतं.

"तुझ्याच घरी राहून, आत्या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"जेवू घातलं, पहाटे अभ्यासाला उठवलं," ती म्हणाली, "पेशंटचं नाव वाचायला शिकवायचं तेवढं राहिलं."