कल्याण डाक्टरचा उजवा हात

लिही दिशे, मी बोलते तसंच लिही. मधी चांगलं करू नको.

कल्याण डाक्टर आपल्याच नेवाशाकडचा. आईनं दुसऱ्याच्या रानात कांदं खुरपून शिकिवला. शेहरात ऱ्हायला असता तर बंगला झाला असता. पन ह्यो फाट्यावर आला, पत्र्याचा दवाखाना टाकला आन साप चावलेली मानसं वाचवाया लागला.

त्याला आपल्या घरानं मारलं.

सात वर्सं झाली. तुझा चुलता बजरंग, माझा धाकटा, सकाळी गायांला घास कापाया गेल्ता. विळा घातला आन घोनस डसली पिंढरीला. घरी आला तवा पाय खांबावानी सुजल्याला. तुझा बाप अंगद जीप काढीत हुता. मीच म्हनले, आधी मारुतीला न्या. पारावर निजिवला, लिंबाचा पाला चारला. कडू लागंना, म्हंजी इख अंगात भिनलंय, म्हनून आनखी चारला. हिरड्यातनं रगत आलं तवा कुठं जीपमधी घातला.

डाक्टरनं इचारलं, "कधी चावला?"

देवळाचं सांगाया मला लाज वाटली. म्हनले, "अर्धा तास झाला."

त्यानं सुया दिल्या, बाटल्यावर बाटल्या लावल्या. दुपारी बजरंग गेला.

मग तुझ्या बापाचं डोकं फिरलं. "अर्ध्या तासात आनला तरी मारला ह्यानं." सलाईनचा लोखंडी दांडा उपटला आन घातला डाक्टरच्या डोक्यात. दुसरा हातावर. वाळल्याला ऊस मोडावा तसं हाड मोडलं, मी ऐकलं. भावकीतल्या पोरांनी लाथा घातल्या, काचा फोडल्या. डाक्टर खाली पडल्याला, तोंडातनं रगत, आन म्हनतो कसा, "खाटंवर बाळंतीन आहे, तिकडं दगड मारू नका."

मी दारात उभी. एका शबुदानं समदं थांबलं असतं. न्हाई बोलले.

पुढं गावच्या मानसांनी मधी पडून मिटिवलं.

आन आता तुझं डाक्टरकीच्या शिक्षनातलं ते इलेक्टिव्ह. एक महिना आपल्या पसंतीच्या दवाखान्यात काम करायचं, तिथल्या डाक्टरची सही आनायची. कालेजातल्या पोरी पुन्या-मुंबईला निघाल्या. तू म्हनली, सापाचं काम शिकायचं तर कल्याण डाक्टरकडंच. बापानं तुझा मोबाईल भिताडावर आपटला. "तिथं गेलीस तर तंगडी मोडीन."

तू म्हनलीस, "मोडा. सवय हाय तुमाला."

त्यानं अशी दिली की तुझा ओठ फाटला. तसंच तुला घेऊन मी यष्टीत बसले.

डाक्टरनं फार्म वाचला, आडनावावर थांबला. "वडील कोण?"

"अंगद," तू म्हनलीस.

"मग पुण्याला जा, पोरी. इथं काम करायचं तर मला तुझ्याकडं पाठ करून उभं राहावं लागेल. अंगदच्या पोरीकडं ती माझ्यानं करवणार नाही."

तू उठलीस. मी न्हाई उठले. म्हनले, "डाक्टर, अर्धा तास न्हवता. अडीच तास हुता. मारुतीच्या पारावर गेला. मी खोटं बोलले."

डाक्टरनं फार्म खाली ठेवला. मग म्हनला, "बाई, सात वर्षं मला झोप नाही. अर्ध्या तासात आलेला माणूस माझ्या हातून गेला कसा?"



त्यानं फार्म वढला. उजवा हात कोपरात वाकत न्हाई त्याचा, त्यो नुसता कागदावर वजन ठेवल्यासारखा ठेवला आन डाव्या हातानं सही केली. पहिलीतल्या पोरावानी वाकडी. म्हनला, "एक तारखेला ये. पण त्याआधी तुझ्या बापाला खरं कळू दे."

म्हनून लिहून घे म्हनले. अंगदच्या म्होरं माझी जीभ उचलायची न्हाई. आता त्यो रानातनं येईल, चा पिईल. मग तू हे वाच, पयल्यापासनं, पाराचं तर दोनदा वाच. अंगावर आला तर येऊ दे. तुमा दोघांच्या मधी मी बसल्याली हाय. पयला हात माझ्यावरच पडू दे.