खाटेवरून पाहिलेली जागा

निसर्गोपचाराचं शिबिर नागपुरात दरवर्षी भरायचं, पण पुरुषांचंच. आईचे गुडघे धरले तेव्हा वडिलांनी शिबिर चालवणाऱ्या आपल्या मित्राला, आमच्या काकांना, विचारलं. पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवून बराच वेळ पडून राहावं लागतं, बायकांसाठी आडोशाची जागा मिळाली तर यंदाच त्यांचंही शिबिर घेतो, असं ते म्हणाले. आईनं मला बजावलं, "कोणी पाह्यलं तर मी तशीच उठून घरी येईन."

जागा बघायला काकांनी मला बरोबर घेतलं. इंग्रजी शाळेतली मुलगी कुणाशीही बोलू शकते, असा त्यांचा समज होता. मी तर घरी पाहुणे आले तरी आत जाऊन बसायची. पण कुठून कोण पाहतं, हे मला नेमकं कळायचं. आधी पाहिलेल्या, वाडी गावातल्या खोल्या त्यांना पसंत होत्या. समोर ट्रक उभे राहायचे, टपावरच्या माणसाला थेट आत दिसलं असतं. मी नाही म्हटलं. अशानं जागा मिळायची नाही, असं काका पुटपुटले.

मग बेसा गावात संत्र्याच्या बागेतलं एक घर पाहिलं. काका अंगणात थांबले. मालकिणीनं मोठी, हवेशीर खोली दाखवली आणि ती पाणी आणायला गेली. तेवढ्यात मी खाटेवर आडवी झाले. ती गडू घेऊन आली.

"काहून वं पोरी, चक्कर आली का तुले?"

हो म्हणून सुटता आलं असतं. पण मी खाली बघत सगळं सांगितलं: बायका इथं पोट उघडं टाकून पडतील, म्हणून पडून पाहते आहे. ती हसेल असं वाटलं. तिनं गडू ठेवला आणि शेजारच्या खाटेवर स्वतः आडवी झाली. उभ्यानं खिडकीतून नुसती झाडं दिसत होती. पडल्यावर त्यांच्या वरचं राखणीचं मचाण दिसलं, आणि त्यावर बसलेला राखणदार.

"अवं, हा तं पुरा दिसून राहिला," ती म्हणाली. "अन् मी रोज दुपारची इथंच पडतो."

त्याच दिवशी तिनं धान्याची आतली खोली आमच्यासाठी रिकामी करायला घेतली. उजेड फक्त छपराच्या काचेतून यायचा.

शिबिरात पट्टी काढायची वेळ झाली तेव्हा मी आईला उठवायला गेले. चाहूल लागली की पदर ओढणारी माझी आई मोकळी पसरून चक्क घोरत होती. मी दार लोटलं. काका ओसरीवर घड्याळ पाहत होते.

"थोडं झोपू द्या तिला," मी म्हणाले. ताठ मानेनं म्हणाले. त्यांनी घड्याळावरून नजर काढली.