माह्या स्ट्रॉबेरीचं वाण

त्या संक्रांतीच्या हळदीकुकाले माही मोठी जाऊ होती, तिची सून होती, रामाकोन्याहून आलेली आमची ननंद होती अन् गल्लीतल्या साऱ्या सवासिनी होत्या. मीई होती, पन भितीच्या अलीकडं. घर एकच, आंगनात मधात कमरेएवढी भित. माह्ये मालक वारले तवाच जावेनं मले सांगतलं होतं, "शुभ कामात मधात येऊ नको अन् तोंडई उघडू नको."

पोरीनं मले छिंदवाड्याहून स्ट्रॉबेरीचे थोडेसे रोपं आनून देल्ले होते. त्याले वेलीसारख्या दोऱ्या फुटतात. दोरीचं टोक मातीत दाबलं का तठी नवं रोप धरते. तसे म्या लय रोपं केले. उन्हाळ्यात नळ येत नाई तं हापशीवरून पानी आनलं, ओले पोते बांधून सावली केली. गुडघे उचलत नोयते, तरी केलं. थंडीत लाल फळं लागले.

संक्रांतीच्या दिवशी मी तिगावकडं कापूस वेचाले गेलती. वापस आली तं आंगनात एकच जुनं, वाळक्या पानाचं रोप राह्यलं होतं. बाकी सारे भितीपलीकडं. जाऊ बायाईले हळदकुकू लावून तेच रोपं वाण म्हनून वाटून राहिली होती. वाण ओटीत पडलं का वापस मागता येत नाई, हे तिले पक्कं माहीत.

ननंदेनं इचारलं, "काय वो वहिनी, हे धाकटीनं लावले ना?"

"तिच्या हातचं वाण देईन का मी? म्या लावले, माह्या हातानं."

मी हातपाय धुवत होती. ओल्या हातानंच भितीजवळ आली.

एक बाई म्हने, "लावाचे कसे वो बाई?"

"वांगे लावता ना, तसेच. खोल गाडा, माती चांगली दाबा."

आता या रोपाचा गाभा, जिथून पान निघते तो, मातीच्या वरतं ठेवा लागते. गाडला का सडते. माह्ये पहिले काही तसेच मेले होते. ननंदेनं भितीवरून माह्याकडं पाह्यलं. मी चूप. शुभ काम चालू होतं ना.

होळीच्या आधीच साऱ्या गल्लीतले रोपं काळे पडले. बाया जावेच्या दारात.

"काय वो, सडकं वाण देल्लं तुमी आमाले!"

"माह्या घरात तवापासून कटकट चालू हाय!"

"तुह्या घरात कटकट तुह्या लग्नापासून हाय," जाऊ भडकली.

पन बाया हटेनात. शेवटी तिले साऱ्याईसमोर म्हना लागलं, "माह्ये नोयते वो ते. तिचे होते. तिच्या आंगनातून उचलले."

मी हसली नाई. पन त्या दिवशी पोटभर जेवली.

पावसाळ्यात त्या जुन्या रोपाले मस्त दोऱ्या फुटल्या. जिनं मागतलं तिले देल्लं, कसं लावाचं तेई दाखवलं. जावेनं सुनेले धाडलं. "काकूजी, एक रोप द्या ना." सून सभावानं गरीब हाय, तिले चहा पाजला. रोप नाई देल्लं. आता जाऊ लोधीखेड्यापर्यंत मागत फिरून राहिली हाय.

म्हनून वाचनाऱ्याले एवढंच सांगनं हाय. माह्या रोपाचं रोप तुमच्या घरी आलं असन तं कोनालेई द्या, पन माह्या जावेले देऊ नका. मी जित्ती हाय तवरीक तं देऊच नका.