ड्रॅगन मेल्यावर दलदलीचं काय होतं

ताईच्या गुहेत राक्षस उगाच बसलेला नसतो. तो खातो काय, पाणी कुठलं पितो आणि खाल्लेलं पुढे जातं कुठे, हे ठरल्याशिवाय ती त्याला गुहेत पाऊल ठेवू देत नाही. दर रविवारी दुपारी शिंपिणीच्या दुकानात, कापड बेतायच्या लांब टेबलाभोवती चौघं जमतात. ताई एक काल्पनिक जग सांगते, बाकीचे तिघं त्यात शूरवीर होऊन फिरतात आणि जमेल की नाही असा प्रश्न आला की फासे टाकतात. शिंपीण जादूगार आहे, दवाखान्यातली नर्स तिरंदाज आहे, आणि एरवी केशकर्तनालय चालवणारा ताईचा धाकटा भाऊ ढाल-तलवारवाला योद्धा आहे. खरं तर ती त्याची एकट्याची ताई, पण हाक सगळेच तशी मारतात.

हे खाण्यापिण्याचं वेड तिला नोकरीनं लावलं. शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात ती आहे. तिथल्या टाक्यांमध्ये कोट्यवधी जंतू घाण खात असतात. त्यांना हवा पुरेशी मिळते का ते बघायचं आणि थेंबभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांची खुशाली घ्यायची, हे ताईचं काम. नवी होती तेव्हा स्वच्छतेच्या भरात तिनं एका टाकीत ब्लीचिंग पावडर पोत्यानं ओतली. टाकी लख्ख झाली आणि जंतू झाडून सगळे मेले. मग असा काही वास सुटला की आसपासची माणसं नाकाला रुमाल लावून फिरू लागली. जुने फोरमन मात्र रागावले नाहीत. त्यांनी शेजारच्या टाकीतला जिवंत गाळ आणून विरजणासारखा त्यात सोडला आणि म्हणाले, "आता धीर धर." तेव्हापासून ताई कुठल्याही ओंगळ जिवाला बघून नाक मुरडत नाही.

भावाशी तिचं बोलणं रविवारपुरतंच उरलं होतं. आई शेवटी अंथरुणाला खिळली ती त्याच्या घरी. ताई सुट्टीच्या दिवशी जायची, उशी अशी का, औषधाला उशीर का, अशा सूचना द्यायची आणि परत यायची. आई गेली. भांडण असं काही झालं नाही, पण फोन आटले. खेळाच्या टेबलावर मात्र तो हक्कानं म्हणायचा, "ताई, मी दरवाजा फोडतो." तेवढ्यावर ती आठवडा काढायची.

आणि एका रविवारी भावानं ड्रॅगन मारला. दलदलीतल्या या ड्रॅगननं तिघांना वर्षभर सळो की पळो करून सोडलं होतं. शेवटचा घाव भावाचा. पुढचा आठवडाभर तो गिऱ्हाइकांना हाच पराक्रम ऐकवत होता, आणि गळ्यावर वस्तरा असल्यामुळे गिऱ्हाइकंही निमूट ऐकत होती.

पुढच्या खेपेला तो हसतच आला. ताईनं पुढचं जग उघडलं. ड्रॅगन रानरेडे खायचा. तो गेल्यावर रेडे बेसुमार वाढले. त्यांनी दलदलीतली लव्हाळी तुडवून फस्त केली. लव्हाळी पाणी गाळायची, ती गेली तशी गावाच्या विहिरीत घाण उतरली आणि पोरं आजारी पडली. ताई रंगात येऊन सांगत सुटली. भावाच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"म्हणजे मी चुकलो," तो म्हणाला.

"चुकलास असं नाही रे. पण मारण्याआधी जरा विचार..."

"मी काहीही केलं तरी तुझ्या लेखी ते चुकलेलंच असतं. आईच्या वेळीही तेच." त्यानं फासे टेबलावर ठेवले आणि तो चपला घालून निघून गेला.

पुढच्या रविवारी त्याची खुर्ची रिकामी राहिली. ताईच्या नवऱ्याचा सल्ला सोपा होता. "रेड्यांना रोग आला म्हण, मिटवून टाक. भाऊ मोठा की रेडे?"

ताईला मोह झाला. पण रेडे असे मारून टाकले असते तर भावाला ती दया लगेच कळली असती, आणि दया त्याला मुळीच खपत नाही. आता तो कायमचा तुटतो की काय, या धास्तीनं तिचं कामात लक्ष लागेना. एका सकाळी टाकीच्या कठड्याशी उभी असताना तिला फोरमन आठवले. टाकी का मेली यावर त्यांनी व्याख्यान दिलं नव्हतं, जिवंत गाळ आणून दिला होता. आपण भावाला नुसता वास कुठून येतोय तेवढंच सांगितलं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

काम सुटल्यावर ती सरळ त्याच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसली. आलेल्या गिऱ्हाइकाला नको म्हणणं भावाच्या रक्तात नव्हतं.

"किती कापू?" त्यानं आरशाकडे बघत विचारलं.

"बोटभर. आणि ऐक. ड्रॅगनच्या घरट्यात अंडं आहे. खजिन्याच्या नादात तुमच्यापैकी कुणी आत डोकावलंच नाही, म्हणून मीही बोलले नाही."

कात्री चालत राहिली.

"आणि आईचं तू नीट केलंस. मी सूचना द्यायचे, करायचास तू. हे मी केव्हाच म्हणायला हवं होतं." ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चादरीत अडकलेले हात काही बाहेर काढता येईनात.

भावाचा हात थांबला. "मान खाली घाल," तो म्हणाला, "वाकडे कापले जातील." एवढंच. गेलं हातचं, असं समजून ताई घरी आली.

रविवारी खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला होता, तेव्हा तो दारात दिसला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "अंडं फुटलं का?"

"फुटलं," ताई म्हणाली. "पण पिल्लू अशक्त आहे. मान धरत नाही."

"मी हरीण मारून आणते," नर्स म्हणाली. शिंपीण मंत्र शोधायला लागली.

"थांबा," भाऊ म्हणाला. "तुकडा गिळायचं नाही ते. मी मांस आधी मऊ करून घेतो. त्याला मांडीवर घेतो. डोकं जरा उंच धरायचं, सपाट ठेवलं की ठसका लागतो. एवढंसंच द्यायचं. मग गळ्याकडे बघत राहायचं. गिळलं की पुढचा घास. घाई केली की घाबरतं ते, तोंडच मिटून घेतं."

नर्सनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा डावा हात टेबलावर वाकला होता, खरोखरच कुणाचं तरी डोकं पेलून धरल्यासारखा. ताई बघत राहिली. ती जायची तेव्हा आईचं जेवण नेहमी उरकलेलं असायचं.

"खाईल का गं?" असं म्हणत त्यानं फासे उचलले.

"ठेव ते," ताई म्हणाली. "खाल्लं. पोटभर खाल्लं."